नरारा: ओहोटीच्या वेळेवर आखलेला वीकेंड (जामनगर मरीन नॅशनल पार्क)

रेवा_बडोदा

इथे मध्ये एका धाग्यावर चर्चा चालू होती की जिवंत पोवळी बघायची तर अंदमान नाहीतर लक्षद्वीप गाठायला लागतं आणि वर पोहता यायला हवं, म्हणून मुद्दाम हे लिहितेय. जामनगरपासून साठेक किलोमीटरवर वाडीनारजवळ नरारा म्हणून जागा आहे, कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कचाच भाग. तिथे ओहोटीला समुद्र लांब मागे जातो आणि आपण पायी, कधी घोटाभर कधी गुडघाभर पाण्यातून, प्रवाळाच्या पठारावर चालत जातो. बोट नाही, स्नॉर्कल नाही, काही नाही. मी बडोद्याला एमएस्सी करते, आम्ही हॉस्टेलच्या मैत्रिणी मिळून गेलो, शुक्रवारी रात्री निघालो आणि सोमवारी सकाळी लेक्चरला हजर.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. या ट्रिपची तारीख आणि वेळ आपण ठरवायची नसते, ती ओहोटी ठरवते. दिवसातून दोनदा ओहोटी येते, रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. त्यामुळे आधी वाडीनार किंवा जवळच्या सिक्का बंदराचं टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) उघडायचं, दिवसाउजेडी चांगली खोल ओहोटी कुठल्या शनिवार-रविवारी आहे ते बघायचं, मग रेल्वेचं तिकीट. आम्ही पौर्णिमेनंतरचा रविवार पकडला, ओहोटी सकाळी नऊच्या आसपास होती. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, थंडीचे महिने उत्तम.

मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल बडोद्यावरून जाते, ती जामनगरला सोडते. शनिवारी उतरून लॉजवर सामान टाकलं आणि दुपारी खिजडिया पक्षी अभयारण्याला गेलो, शहरापासून अगदी जवळ आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. तिथे एक लांब बांध आहे, बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं, त्यामुळे एकाच जागी उभं राहून इकडे बदकं आणि चित्रबलाक, तिकडे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) बघता येतात. संध्याकाळी कांड्या करकोच्यांचे थवेच्या थवे उतरले आणि त्यांचा आवाज इतका होता की आम्ही आपसात बोलायचं थांबवलं. पण यावर स्वतंत्र धागा होईल, आता नराऱ्याचं.

रविवारी पहाटे सहाला गाडी ठरवून निघालो. रस्ता द्वारकेचा, वाटेत मोटी खावडीची रिफायनरी लागते, किती वेळ गाडी चालली तरी संपत नाही. मग वाडीनारकडे आत वळायचं. गेटवर वनखात्याची चौकी आहे, तिथे ओळखपत्र दाखवून परवानगीची पावती घ्यायची, गाइड बरोबर घ्यायचाच. गाइडशिवाय जाऊ नका, सोडत पण नाहीत. आणि ओहोटीच्या तळाची जी वेळ असते त्याच्या दीडेक तास आधी पाण्यात उतरायचं असतं, म्हणजे समुद्र मागे जातो तसं आपण त्याच्या मागोमाग जायचं आणि तो वळला की आपणही वळायचं. नऊची ओहोटी म्हणून नऊला पोचलात तर निम्मं गेलं.

सुरुवातीला तिवरांची रांग आहे, चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं, त्याच्या पुढे वाळू, मग दगड, आणि दगडांच्या मध्ये उथळ डबकी. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच दिसत नाही. खरंच सांगते, सगळं एकाच मातकट रंगाचं वाटतं आणि माझी एक मैत्रीण म्हणालीसुद्धा की एवढ्यासाठी आलो का. मग गाइडकाका एका डबक्याशी उकिडवे बसले आणि म्हणाले, कोई हिलना मत, बस देखो. आम्ही बसलो. परातीएवढं डबकं, तळाशी वाळू आणि एक गोटा. मिनिटभराने त्या गोट्याच्या कडेचा तुकडा हलला. तो ऑक्टोपस होता. आधी दगडाच्या रंगाचा, दगडासारखाच खडबडीत, मग वाळूवर सरकताना फिकट आणि गुळगुळीत झाला, एक हात पुढे करून कपारीत चाचपून बघितलं, परत घेतला, आणि डोळा आमच्याकडे रोखलेला, तो आडव्या फटीसारखी बाहुली असलेला डोळा. पुस्तकात किती वेळा लिहिलंय की त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं, पण तो आपल्याकडे बघतोय हे कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

त्यानंतर डोळे बसले आणि मग जिकडे तिकडे दिसायला लागलं. मेंदूसारख्या वळ्या असलेली गोल पोवळी, हिरवट, तपकिरी, काही जांभळट. इथे शाखा फुटलेली नाजूक पोवळी फारशी नाहीत, बहुतेक गोट्यांसारखी घट्ट वाढणारी आहेत, कारण या आखातात पाणी गढूळ, भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, उन्हाळ्यात तापतं आणि थंडीत गार पडतं, आणि हे सगळं सोसतात तेच टिकतात. भारतातली सगळ्यात उत्तरेकडची प्रवाळं ही. समुद्रफुलं, समुद्रकाकड्या, शंखात राहणारे खेकडे, चपटे रंगीत किडे पाण्यात लहरत जाणारे, एक भलामोठा सी हेअर (समुद्री गोगलगाईचा प्रकार) ज्याला डिवचलं की जांभळा रंग सोडतो (आम्ही डिवचलं नाही).

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. आमच्यापासून थोड्या अंतरावर दुसरा एक ग्रुप होता, त्यांच्या बरोबरच्या माणसाने डबक्यातून फुगा मासा उचलला आणि हातात धरून फुगवून दाखवला, सगळ्यांनी आळीपाळीने हातात घेऊन फोटो काढले. तो मासा जीव वाचवायला फुगतो. पाण्यात असताना तो पाणी गिळून फुगतो आणि ते सोडून देतो, पण बाहेर काढला की हवा गिळतो, ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही आणि मग परत सोडल्यावर उलटा तरंगत राहतो, वर बगळे टपलेले असतातच. आमच्यातल्या दोघी तिथे गेल्या आणि शांतपणे हे सांगितलं, त्यांनी सोडला. पण किती जण रोज येत असतील. म्हणून जे कोणी हे वाचून जातील त्यांना हात जोडून विनंती, गाइडला पाण्यात उतरायच्या आधीच सांगा की आम्हाला काही उचलून दाखवू नका, आम्ही थांबू, आम्हाला वेळ आहे. आमच्या काकांना सांगितलं तर त्यांना उलट आनंद झाला, म्हणाले आप लोगों के साथ अच्छा लगेगा.

आणि पाय कुठे ठेवता ते बघा. वाळूवर किंवा मोकळ्या दगडावर पाय, वळ्या-वळ्यांच्या गोट्यावर नाही. तो गोटा म्हणजे हजारो जिवंत प्राणी आहेत आणि वर्षाला काही मिलिमीटर वाढतो.

चिंगीची_आई

किती छान लिहिलंयस गं. आमची लेक आठ वर्षांची आहे, तिला जमेल का? पाण्यात भीती नाही वाटत तिला पण चालायला किती आहे? आणि पायात काय घालायचं, क्रॉक्स चालतील का? आम्ही पुण्याहून येणार म्हणजे शनिवार-रविवारात बसणार नाही, एक दिवस जोडून सुट्टी घ्यावी लागेल.

रेवा_बडोदा

@चिंगीची_आई, ताई नक्की जमेल, आम्ही होतो तेव्हा तिच्याहून लहान मुलं होती. जाऊन येऊन तीन-चार तास लागतात पण सलग चालणं नाही, थांबत थांबत. क्रॉक्स अजिबात नको, चिखलात रुततात आणि निघून येतात. जुने लेस बांधायचे कॅनव्हासचे बूट घाला, भिजले तरी हरकत नाही असे, आणि पायमोजे. प्रवाळाची आणि शिंपल्यांची धार लागते, ती जखम लवकर बरी होत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पाण्याची बाटली. सावली कुठेही नाही. कोनासारखे सुंदर नक्षीचे शंख दिसले तर तिला आधीच सांगून ठेवा की हात लावायचा नाही, आतला प्राणी विषारी काटा मारतो. हिरव्या गालिच्यासारखं काही पसरलेलं दिसतं त्यालाही नको.

खर्चाचे आकडे मुद्दाम लिहीत नाही, तिकीट आणि गाइडची फी बदलत असते, गेटवर पाटी आहे. आम्हाला सगळ्यात जास्त गाडीचे पडले, पाच-सहा जण असाल तर वाटून स्वस्त पडतं.

दांडीचा_दादू

मालवणातून लिवतंय. पोरी, तुझा लिखाण आवडला. मराठीतच लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

टाइड टेबल बघा हे बरोबर, पण हाताशी फोन नसेल तर आमच्याकडे म्हाताऱ्यांचा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातला सुकती. कोकण किनाऱ्याला हे बरंच जुळतं. तुमचा आखात आत शिरलेला, तिथे पाणी उशिरा पोचणार, त्यामुळे तास-दीड तास पुढे धरा. रेवाने नऊ लिहिलंय म्हणजे जुळलंच.

आता यातली गोम सांगतो जी शहरातले लोक चुकतात. दुपारी बाराची सुकती सगळ्यांना सोयीची वाटते, निवांत उठून जाता येतं. पण ती अष्टमी-नवमीची, म्हणजे भांगाची. भांगाला पाणी धड चढत नाही आणि धड उतरत पण नाही. पोवळ्यांचा खडक उघडाच पडणार नाही, नुसते गुडघाभर गढूळ पाण्यात उभे राहाल. खडक उघडा बघायचा तर उधाणाचे, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस हवेत आणि उधाणाची सुकती सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. त्यामुळे पहाटे उठायची तयारी ठेवूनच जा.

फुगा मासा म्हणजे आमचा केंड. आमच्या जाळ्यात आला की जाळी कुरतडतो म्हणून आमचं त्याच्याशी काही प्रेम नाही, पण खेळायला उचलू नये हे पटलं.

घाटमाथा

लेख आवडला पण एका मुद्द्यावर मी सहमत नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, मुलांना घेऊन अशा ठिकाणी जातो. माझा अनुभव असा आहे की तारामासा तळहातावर ठेवला, त्याचे ते बारीक पाय त्वचेवर हललेले जाणवले, की ते मूल आयुष्यभर विसरत नाही. लांबून बघा, हात लावू नका असं म्हणत राहिलो तर निसर्ग म्हणजे काचेमागची वस्तू होते. थोडासा हात लावल्याने एवढं काय बिघडतं? त्या पठारासमोर तेलाचे टँकर उभे आहेत, त्यांचं कोणी काही बोलत नाही.

रेवा_बडोदा

सर, तुमचा हेतू मला कळतो आणि तुमच्यासारखे शिक्षक मुलांना किनाऱ्यावर नेतात हीच मोठी गोष्ट आहे. पण मला असं वाटतं की एका मुलाच्या एका स्पर्शाचा हा प्रश्न नाही. तो तारामासा एकच असतो आणि मुलं चाळीस. मग दुसरी शाळा, मग आमच्यासारखे कॉलेजवाले, मग फॅमिल्या. ओहोटीच्या त्या दोन-तीन तासांत डबक्यातला प्राणी आधीच अडचणीत असतो, पाणी तापत असतं, त्यातला ऑक्सिजन कमी होत असतो, बाहेर पडायला वाट नसते. तो तग धरून भरतीची वाट बघत असतो आणि आपण नेमके तेव्हा जातो.

आणि काचेमागची वस्तू होते हे मला खरंच नाही पटत. आम्ही तो ऑक्टोपस बघितला तेव्हा हाताची घडी घालून बसलो होतो आणि आमच्यातलं कोणी ते विसरणार नाही. कारण तो त्याला हवं ते करत होता. हातात घेतलेला प्राणी फक्त सुटायची धडपड करतो, आपल्याला त्याची तेवढीच एक गोष्ट दिसते. मुलांना एका डबक्याशी पंधरा मिनिटं बसवून बघा ना, किती प्रकार दिसले ते वहीत लिहायला सांगा, चित्रं काढू द्या. मला वाटतं ती तुम्हाला उठू देणार नाहीत.

कायद्याचंही आहे. प्रवाळ, समुद्रकाकड्या, समुद्रघोडे हे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आलेत. पोवळ्याचा तुटका तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे, मेलेला असला तरी.

टँकरचं म्हणाल तर बोलायलाच हवं, त्यावर वाद नाही.

वाडीनारचा_शेजारी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं जामनगर-सिक्का भागात काढली म्हणून लिहितो. वाडीनारला टँकर किनाऱ्याला लागत नाहीत, भर समुद्रात तरंगत्या बोयाला बांधतात आणि तिथून समुद्राच्या तळावरच्या पाइपातून कच्चं तेल किनाऱ्यावर येतं. सलाया-मथुरा पाइपलाइन १९७८ पासून इथूनच तेल उत्तरेत नेते. म्हणजे १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये नॅशनल पार्क जाहीर झालं, देशातलं पहिलं समुद्री नॅशनल पार्क, तेव्हा तेल तिथे आधीच पोचलेलं होतं. रिफायनऱ्या त्यानंतर आल्या. पाइप टाकताना वाटेतली प्रवाळं उचलून दुसरीकडे लावायचे प्रयोगही इथे झालेत.

पण त्याच्याही आधीचं नुकसान लोकांना माहीत नसतं. या आखातातली प्रवाळांची वाळू कित्येक वर्षं सिमेंटसाठी उपसली जायची. चुनखडीच ती. ड्रेजरने ओरबाडून काढायचे. पार्क झाल्यावर ते थांबत आलं. आज आपण जे पठार बघतो ते त्यातून वाचलेलं आहे. त्यामुळे घाटमाथा सरांचा मुद्दा मी उलटा मांडेन, एवढं सोसून जे उरलंय त्याच्यावर आपला हातही नको.

गाइड लोकांबद्दल मात्र जरा समजून घ्या. ती तिथलीच पोरं-बाप्ये आहेत, कमाई हंगामापुरती, आणि आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो "ऑक्टोपस दिखाओगे ना, हाथ में देंगे ना?" नाही म्हटलं की तोंड वाकडं करतो आणि बक्षिसी देत नाही. रेवाने केलं तसं आधी सांगून टाकलं आणि शेवटी हात न लावता दाखवल्याबद्दल मुद्दाम चार पैसे जास्त दिले तर ती सवय महिनाभरात बदलेल. मी हेच करत आलो आणि एक दोघे तर नंतर दुसऱ्या पर्यटकांना स्वतःहून अडवायला लागले होते.

चिंगीची_आई

बक्षिसीची आयडिया खूप आवडली. हे लक्षात ठेवीन. पिरोटन बेटाबद्दल पण वाचलं होतं, ते आणि हे एकच का?

वाडीनारचा_शेजारी

नाही, पिरोटन वेगळं. या पार्कात बेचाळीस बेटं आहेत त्यातलं ते सगळ्यात नावाजलेलं, दीपगृह आहे तिथे. पण तिथे बोटीने जायचं आणि बोट भरतीलाच बेटाला लागते, पाणी उतरलं की बोट चिखलात बसते, म्हणजे पुढच्या भरतीपर्यंत तुम्ही बेटावर अडकलात. परवानगीचंही सोपं नाही. मुलीला घेऊन पहिल्यांदा जाताय तर नराराच करा.

जमलं तर तिथे खाराई उंटांबद्दल विचारा. हे उंट भरतीच्या पाण्यात पोहत जातात आणि तिवरं खातात. पोहणारे उंट! कच्छकडे जास्त आहेत, पण जामनगरच्या किनाऱ्यालाही मालधारी, म्हणजे पिढीजात गुरं-उंट पाळणारे लोक, ते पाळतात. आता तिवरांच्या भागात चराईवरून वनखात्याशी त्यांचा वाद होत असतो, आणि त्या लोकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे, पिढ्यान्पिढ्यांचं चराईचं रान एका रेषेने पार्क झालं.

दांडीचा_दादू

हा शेवटचा मुद्दा कोणीतरी काढला बरं झालं. मालवणचा समुद्र १९८७ ला अभयारण्य जाहीर झाला, सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड हा सगळा भाग त्यात. आमच्या लोकांनी कडाडून विरोध केला, कारण मासेमारी बंद होणार ही भीती, आणि आम्हाला विचारलं कोणी? कागदावर अभयारण्य तेव्हापासून आहे. आणि दुसरीकडे बघा, आज त्याच किल्ल्याच्या आजूबाजूला स्नॉर्कलिंगच्या बोटी नांगर टाकतात, तो पोवळ्यांवर पडतो, लोक पोवळ्यांवर उभे राहून श्वास घेतात, वर माशांना पाव टाकतात. या धंद्यावर आमचीच पोरं जगतात, मी त्यांना नावं ठेवत नाही, माझा पुतण्या त्यातच आहे. पण नांगराच्या ऐवजी कायमचे बोये बांधून ठेवले आणि बोटी त्यालाच बांधल्या तर पोवळी पण राहतील आणि धंदा पण राहील. मी पुतण्याला रोज सांगतो. पोवळी मेली की मासे जाणार आणि मासे गेले की ना मासेमारी राहील ना पर्यटक.

पानवेली

रेवा, तू बडोद्याची आहेस म्हणून एक सांगते, कदाचित माहीतही असेल. द्वारका-बेट-ओखा हा ओखामंडळाचा भाग संस्थानी काळात बडोदा संस्थानाकडे होता, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जिवांची पाहणी करवून घेतली होती. त्याचा अहवाल १९०९ चा आहे. शंख, मोत्यांचे शिंपले यातून संस्थानाला उत्पन्न होईल का हा त्यामागचा व्यवहारी हेतू, पण त्यातून या किनाऱ्याच्या जिवांची शास्त्रशुद्ध नोंद झाली. तुझ्या विद्यापीठाच्या लायब्ररीत शोधून बघ, सापडला तर इथे नक्की लिही. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी काय होतं आणि आज काय आहे हे ताडून बघायला तो फार मोलाचा आहे.

आणि मुंबईकरांनो, जामनगर लांब वाटत असेल तर मरीन लाइफ ऑफ मुंबई हा ग्रुप २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी असेच वॉक घेतो, गिरगाव, जुहू, हाजीअली. हो, हाजीअलीच्या खडकांवर जिवंत पोवळी आहेत, कोस्टल रोडच्या कामात त्यातली काही उचलून दुसरीकडे न्यावी लागली होती. घाटमाथा सर, तुमच्या मुलांसाठी हे एका दिवसात होईल. तिथेही हात न लावता बघायचा नियम आहे आणि लहान मुलं तो मोठ्यांपेक्षा जास्त पाळतात, मी बघितलंय.

रेवा_बडोदा

पानवेली, हे मला अजिबात माहीत नव्हतं! उद्याच लायब्ररीत विचारते. आमच्या डिपार्टमेंटमध्ये पण कोणी कधी बोललं नाही यावर. मिळाला तर आम्ही नराऱ्यात काढलेल्या फोटोंशी त्यातली यादी ताडून बघेन, गाव वेगळं असलं तरी आखात तेच.

दादूकाका, नांगराच्या बोयांबद्दल तुम्ही वेगळा धागा काढा ना, प्लीज. मालवणला जाणारे इथले किती तरी जण वाचतील, आणि निदान बोटवाल्याला विचारतील तरी की नांगर कुठे टाकणार.

एक राहिलंच. परतीची वेळ. ओहोटीचा तळ झाला की पाणी लगेच समोरून लाटेसारखं येत नाही, त्यामुळे लोक गाफील राहतात. पठार जवळजवळ सपाट आहे आणि मधून मधून खोल घळी आहेत, पाणी आधी त्या घळींतून भरतं, म्हणजे आपल्या आणि किनाऱ्याच्या मध्ये. काकांनी आम्हाला एका घळीत तरंगणारी शेवाळाची पानं दाखवली, इतका वेळ ती समुद्राकडे सरकत होती, मग जागच्या जागी थांबली, आणि थोड्या वेळाने किनाऱ्याकडे निघाली. ते बघितल्यावर त्यांनी शिट्टी मारली आणि सगळ्यांना वळवलं, आमच्या एका मैत्रिणीला अजून दोन फोटो हवे होते, ते त्यांनी काढू दिले नाहीत. येताना जिथे घोटाभर पाणी होतं तिथे परतताना मांडीपर्यंत होतं. गाइडने चला म्हटलं की चला.

घाटमाथा

चर्चा वाचली, विचार करतोय. स्पर्शाबद्दल माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, पण चाळीस मुलं आणि एक तारामासा हा हिशोब मी कधी केला नव्हता हे खरं. वहीचा प्रयोग या वर्षी करून बघतो, आधी हाजीअलीला आणि मग जमलं तर जामनगरला.

दादू, जानेवारीत आमच्या शाळेला जोडून सुट्टी येतेय, त्यातल्या शनिवारी नवमी आहे. मुलांना दुपारी नेणं मला सोयीचं, पण तुमच्या हिशोबाने तो भांग झाला ना? त्याच्या पुढचा शनिवार घेऊ का?

दांडीचा_दादू

नवमी नकोच सर. त्याच्या पुढच्या शनिवारी प्रतिपदा-द्वितीया येईल, एखादी तिथी इकडेतिकडे. ते उधाण, खडक उघडा मिळेल. भरती एक-दीडच्या सुमाराला, म्हणजे सुकती आमच्याकडे सात-साडेसातला, तिथे साडेआठ-नऊ धरा. संध्याकाळची सुकती पण त्या दिवशी मिळेल पण ती अंधारात, मुलांना घेऊन तिचा विचारच करू नका. तरी बसचं बुकिंग करायच्या आधी वाडीनारचं टेबल बघून घ्या, पाऊणपट हा आमच्या किनाऱ्याचा हिशोब.

रेवा_बडोदा

सर, मग रात्री जामनगरलाच मुक्काम करा आणि सहाच्या आधी बस सुटेल असं बघा, चाळीस मुलांच्या पावत्या करायलाच गेटवर वेळ जाईल. चाळीस जणांना एक गाइड पुरणार नाही, छोटे गट करून प्रत्येकाला वेगळा गाइड मागा, आणि जमलं तर चौकीवर आधी फोन करून ठेवा. नाश्ता बरोबर बांधून घ्या, आत काही मिळत नाही. परत आल्यावर जामनगरात मुलांना तिखट घुघरे खायला घाला आणि कोरड्या कचोऱ्या बांधून घ्या, त्या घरी पोचेपर्यंत टिकतात.